घोडा नव्हे, घाई

परवा परंड्याहून दादाचा फोन आला. पुतणी आठवीत आहे. शाळेत नव्याने आलेले खेळाचे सर घोड्यावरून उडी मारायला, म्हणजे व्हॉल्टिंग, शिकवणार आहेत. पालकांची सही हवी आहे आणि दादाने नकार दिलाय. कारण काय, तर मी! "तुझा हात विसरलास का?" म्हणाला.

विसरेन कसा? मी नववीत होतो. मैदानावर लाकडी घोडा आणून ठेवला, अख्ख्या वर्गाची रांग लावली आणि हुकूम सुटला, "पळत या, हात टेका, पलीकडे जा." पलीकडे गादी म्हणून दोन पोती. माझे पाय घोड्याला अडकले, मी हातावर पडलो आणि मनगट मोडलं. बार्शीला नेऊन प्लास्टर घातलं. दुसऱ्या दिवशी घोडा अडगळीच्या खोलीत गेला, तो आम्ही दहावी होऊन बाहेर पडलो तरी तिथेच. सगळ्यांचं एकमत झालं की घोडा वाईट. इतकी वर्षं मीही तेच धरून बसलो होतो.

तर मंडळी, आज मला त्या घोड्याचं वकीलपत्र घ्यायचंय.

माझा हात घोड्याने नाही मोडला, शिकवण्याच्या उलट्या क्रमाने मोडला. ही उडी शेवटाकडून शिकवायची असते. आधी उतरणं. गुडघाभर उंचीवरून खाली उडी, पाय थोडे फाकलेले, गुडघे वाकलेले, नजर समोर, आणि जागच्या जागी थांबणं. यासाठी लांब उडीचा खड्डा फावड्याने भुसभुशीत केला तरी पुरतं. मग हातावर भार घ्यायची सवय, जमिनीवर सशासारख्या उड्या मारून. मग धाव, एका पायावरून झेप आणि उसळफळीवर दोन्ही पाय एकदम. मग कमी उंचीच्या घोड्यावर नुसतं उकिडवं बसणं आणि तिथून उतरणं. हे सगळं पक्कं झालं की मगच पलीकडे जायचं, आणि तेव्हाही उतरण्याच्या बाजूला सर उभे हवेत, दंडाला धरायला तयार. आम्ही पहिल्याच दिवशी थेट शेवटच्या पायरीवर!

उंचीचं म्हणाल तर २००० सालचं सिडनी ऑलिंपिक आठवा. मुलींच्या स्पर्धेत घोडा १२५ सेंटीमीटरऐवजी १२० वर लागला होता. फरक फक्त ५ सेंटीमीटरचा, पण जगातल्या उत्तमोत्तम मुली धडाधड पडल्या. खोर्किनासारखी खेळाडूसुद्धा. चूक एका ऑस्ट्रेलियन मुलीच्या लक्षात आली, तेव्हा कुठे घोडा नीट झाला आणि आधीच्यांना पुन्हा उडीची संधी मिळाली. जगज्जेतीला ५ सेंटीमीटर भोवतात, तिथे आमच्या वर्गात साडेचार फुटी आणि साडेपाच फुटी पोरांना एकच घोडा, एकाच उंचीवर!

आता दादाचा दुसरा मुद्दा. "आपल्याकडे खो-खो आहे की, हे परदेशी खूळ कशाला?" खो-खोचा मलाही अभिमान आहे. आपल्या जिल्ह्याच्या सारिका काळेला २०२० साली अर्जुन पुरस्कार मिळाला, तेव्हा मी इथे पेढे वाटले होते. पण खो-खोत पोरी टणक मातीवर सूर मारतात, गुडघे सोलून घेतात, तेव्हा कुणी सही मागतं का? ते आपल्या ओळखीचं म्हणून चालतं आणि हे अनोळखी म्हणून धोक्याचं, असं कसं?

आणि खरं सांगू? मुलगा असता तर दादाने सही केली असती. दादा, चिडू नकोस, पण स्वतःला विचारून बघ. त्रिपुरासारख्या आडबाजूच्या राज्यातली दीपा कर्माकर २०१६ ला रिओत व्हॉल्टमध्ये चौथी आली. ०.१५ गुणांनी पदक हुकलं. तिच्याही घरी कुणीतरी कधीतरी "हो" म्हटलंच असेल ना?

पुतणीने ऑलिंपिकला जावं असं माझं म्हणणं नाही. आठवीतल्या पोरीला स्वतःचं अंग हवेत सांभाळता यावं आणि पडताना नीट पडता यावं, एवढंच. ते घरात बसून येत नाही.

म्हणून दादा, सही कर, पण डोळे मिटून नको. सरांना जाऊन भेट. उतरणं आधी शिकवणार का? घोड्याची उंची कमी करता येते का? गाद्या किती आहेत? एका वेळी किती मुली? उत्तरं पटली नाहीत तर खुशाल नाही म्हण, मी तुझ्या बाजूने. पटली तर मात्र माझं मोडलेलं मनगट मध्ये आणू नकोस. ते केव्हाच जुळलंय.

असो. सही केलीस की कळव.