नोंद एकाची, तपासणी दुसऱ्याची

भिलाईत १९५९ मध्ये पहिली झोतभट्टी पेटली. २०१६ मध्ये आयआयटी भिलाई सुरू झाली. पोलादाच्या या नगरीत आता संगणक अभियंतेही घडत आहेत.

शाखांना जोडणाऱ्या नेटवर्कमध्ये पूर्वी प्रत्येक स्विचला स्वतंत्र सूचना द्याव्या लागत. सॉफ्टवेअर-डिफाइन्ड नेटवर्कमध्ये त्या एका मध्यवर्ती कंट्रोलरकडून जातात आणि कोणता संदेश कोणत्या मार्गाने जावा, हे त्यावरील अ‍ॅप्लिकेशन ठरवते. सोय मोठी, परंतु अशा अ‍ॅप्लिकेशनमधील एक चूक एकाच वेळी अनेक शाखांचे कामकाज ठप्प करू शकते.

बँकेत एकाने केलेली नोंद दुसऱ्याने तपासल्याविना पुढे जात नाही. अ‍ॅप्लिकेशन घडविणाऱ्या तरुण अभियंत्यांनाही हीच शिस्त पहिल्या दिवसापासून शिकवली जावी. ग्राहकाचा विश्वास तिच्यावरच उभा असतो.