काडतुसे घरपोच, आणि न्यायालय मागते अठराव्या शतकाचा दाखला

अमेरिकेत परवानाधारक दुकानातून बंदूक घेताना गिऱ्हाईकाची पार्श्वभूमी तपासली जाते. काडतुसांसाठी मात्र बहुतेक राज्यांत अशी तपासणी नाही. वेबसाइटवर पैसे भरा, खोके दारात येते. 1968 च्या संघीय कायद्याने परराज्यातून अशी काडतुसे मागवण्यावर बंदी घातली होती. 1986 मध्ये अमेरिकन संसदेनेच ती उठवली.

20 जुलै 2012 रोजी कोलोरॅडोतील ऑरोरा येथे एका तरुणाने चित्रपटगृहात 12 जणांना ठार केले. त्याआधी त्याने 6,000 हून अधिक गोळ्या ऑनलाइन मागवल्या होत्या. एका मृत तरुणीच्या आईवडिलांनी विक्रेत्यांवर दावा केला. शस्त्रविक्रेत्यांना कायद्याचे कवच असल्यामुळे तो 2015 मध्ये फेटाळला गेला. वर विक्रेत्यांच्या वकिलांचे 2 लाख डॉलरहून अधिक बिल याच आईवडिलांवर लादले गेले. मुलगी गेली आणि दंडही त्यांनाच!

कॅलिफोर्नियाच्या जनतेने 2016 मध्ये 63 टक्के मतांनी वेगळा रस्ता धरला. 2018 पासून तिथे काडतुसे ऑनलाइन मागवता येतात, पण ती परवानाधारक दुकानात येतात आणि समोरासमोरच हाती पडतात. जुलै 2019 पासून प्रत्येक खरेदीला तपासणी सुरू झाली. न्यूयॉर्कनेही 2023 मध्ये तशी तपासणी लागू केली.

इथे भाबडे राहून चालणार नाही. ऑरोराच्या मारेकऱ्याने बंदुका कायदेशीर मार्गाने घेतल्या होत्या. गोळ्यांच्या तपासणीतही तो बहुधा पास झाला असता. शिवाय कॅलिफोर्नियात सुमारे 11 टक्के अर्ज नाकारले गेल्याची नोंद न्यायालयात झाली. त्यातले बहुतेक गुन्हेगार नव्हते. सरकारी नोंदीतले नाव-पत्ता जुळत नव्हता, एवढेच. आधार जुळत नाही म्हणून रेशन अडलेल्या माणसाला हे वेगळे सांगायला नको. नोंदी दुरुस्त करा, ही मागणी रास्तच आहे. पण त्यासाठी अख्खा कायदाच मोडायचा?

ऑलिंपिक नेमबाज किम ऱ्होड आणि बंदूक संघटनेच्या याचिकेवर न्यायाधीश रॉजर बेनितेझ यांनी जानेवारी 2024 मध्ये कायदा घटनाबाह्य ठरवला. 24 जुलै 2025 रोजी अपील न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांनी 2 विरुद्ध 1 मतांनी तेच म्हटले. राज्याने मोठ्या पीठाकडे दाद मागितली.

खरी मेख निकालाच्या कसोटीत आहे. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की शस्त्रांवरील आजच्या बंधनाला देशाच्या जुन्या परंपरेत आधार सापडला पाहिजे. म्हणून राज्याला जुन्या कायद्यांची यादी द्यावी लागली. त्यात जवळपास 50 कायदे असे निघाले, जे गुलामांना, काळ्या लोकांना आणि मूळ रहिवाशांना शस्त्रे किंवा दारूगोळा मिळू नये म्हणून केले होते. न्यायाधीशांनी ते वंशभेदी ठरवून बाजूला सारले. तेही बरोबरच.

पण मग उरते काय? ज्या काळात माणसे बाजारात विकली जात आणि त्या माणसांना मतही नव्हते, त्या काळच्या कायदेमंडळांनी जे सुचवले नाही, ते आजच्या मतदारांनी करायचे नाही. तेव्हा इंटरनेट नव्हते आणि हजारो गोळ्या घरपोच करणारी कुरिअर गाडीही नव्हती. दाखला सापडणार तरी कुठून?