मातीचे मैदान आणि मॅट यांच्या मध्ये

प्रो कबड्डी लीग २०१४ साली सुरू झाली आणि ज्या खेळाच्या बळावर एरवी फार तर रेल्वेत किंवा पोलिसांत नोकरी लागायची, त्याच खेळात लिलावाची बोली लागू लागली. मात्र मातीच्या मैदानात फक्कीने आखलेल्या रेषांमध्ये अनवाणी चढाई करणारा खानदेशातल्या बोदवडचा मुलगा आणि मॅटवर, म्हणजे रबरी पृष्ठभागावर, बूट घालून खेळणारा व्यावसायिक खेळाडू यांच्यामधली पायरी अजून कच्चीच आहे. जिल्हा निवड चाचणी, राज्य अजिंक्यपद, राष्ट्रीय स्पर्धा ही जुनी वाट निवडीपुरती उपयोगी असली, तरी चाचणीत मागे पडलेला मुलगा पुढे वर्षभर कोणाच्याच नजरेत नसतो, आणि खरी गळती तिथेच होते, असे आमचे मत आहे. नवोदितांना लिलावाबाहेर करारबद्ध करण्याची लीगमधील सोय आणि २०२२ पासूनची युवा कबड्डी सीरिज यांचा खानदेशाला कितपत उपयोग होतो, हे या अंकातील लेख तपासतात.

तुलनेसाठी अमेरिकी बेसबॉल घेतला आहे: मुख्य संघांना खेळाडू पुरवणारे संलग्न दुय्यम संघ २०२१ मध्ये १६० वरून १२० वर आणले गेले, त्यात लहान गावांचे संघ गेले, आणि या खेळाडूंचे किमान वेतन दुपटीहून अधिक झाले ते २०२३ च्या सामूहिक करारानंतर, म्हणजे खेळाडू संघटित झाल्यावरच. तालुक्यातील क्रीडाशिक्षक, प्रशिक्षक व पालकांनी आपली मते, विशेषतः मतभेद, आम्हांला अवश्य कळवावीत.