बाईंच्या टेबलावरून : तक्रारपेटीतली चिठ्ठी

मुलांनो,

आमच्या शाळेच्या व्हरांड्यात एक तक्रारपेटी आहे. दर शनिवारी ती उघडायची. 'पंखा कुरकुरतो', 'खिचडीत मीठ कमी', 'मॉनिटर उगाच नाव लिहितो', असल्या चिठ्ठ्याच जास्त. पण मागच्या महिन्यात एक निनावी चिठ्ठी निघाली. त्यात एकच ओळ होती. 'मोठ्या माणसाबद्दल सांगितलं आणि कोणालाच खरं वाटलं नाही तर?'

चिठ्ठी वाचून माझा चहा तसाच राहिला. मग वर्गात मी फळ्यावर चार आकडे लिहिले : 2001, 2006, 2008, 2011.

"बाई, इतिहास का?" मागच्या बाकावरून आवाज आला.

हो, इतिहासच. आणि तोही आपल्या मुंबईचा.

आपल्या लालबाग-परळहून कुलाबा काही फार लांब नाही. तिथे आणि रायगड जिल्ह्यातल्या मुरूडला 'अँकोरेज' नावाची निवारागृहं होती. रस्त्यावर राहणाऱ्या मुलांना तिथे जेवण मिळायचं, झोपायला जागा मिळायची. ती काढणारा डंकन ग्रँट आणि तिथे येणारा त्याचा मित्र अॅलन वॉटर्स, दोघेही ब्रिटिश. पण ज्यांनी सांभाळायचं, त्यांनीच मुलांच्या शरीराला नको तसा हात लावला, त्यांच्यावर अत्याचार केले. मुलांना मारहाणही व्हायची.

मुलं तर बिचारी, आईबाप जवळ नाहीत, जायला घर नाही. सांगणार कोणाला? तरीही 2001 साली काही मुलांनी तोंड उघडलं. पत्रकार मेहेर पेस्तनजी यांनी त्यांचं ऐकून घेतलं, मग वकील महारुख अदनवाला यांनी ते प्रकरण हाती घेतलं आणि पुढे गुन्हा नोंदवला गेला. ग्रँट आणि वॉटर्स तोवर देशाबाहेर होते. वॉटर्सला 2003 मध्ये न्यूयॉर्कच्या विमानतळावर पकडलं आणि नंतर भारतात आणलं. 2006 मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयाने दोघांना 6-6 वर्षांची कैद दिली, व्यवस्थापकालाही शिक्षा झाली.

संपली गोष्ट? छे! 2008 मध्ये उच्च न्यायालयाने तिघांनाही सोडून दिलं. मुलांच्या साक्षींवर विसंबता येत नाही, असं ठरलं. त्या मुलांना काय वाटलं असेल हो! पण चाइल्डलाइन संस्था आणि सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. मार्च 2011 मध्ये त्या न्यायालयाने मुलांच्या साक्षी खऱ्या मानल्या आणि शिक्षा कायम केली.

आता वजाबाकी करा. 2001 साली जो मुलगा 10 वर्षांचा होता, तो 2011 मध्ये केवढा? 20 वर्षांचा! आपण खरं बोललो होतो, हे ऐकायला त्याचं सगळं बालपण सरलं.

एवढा उशीर का? एक कारण असं, की तेव्हा अशा गुन्ह्यांसाठी मुलांचा वेगळा कायदाच आपल्या देशात नव्हता. शेजारच्या गोव्यात मडगावच्या एका अनाथाश्रमाच्या चालकाला 1996 मध्ये जन्मठेप झाली, आणि 2003 मध्ये गोव्याने मुलांसाठी स्वतःचा कायदा केला. सगळ्या देशासाठी 'पोक्सो' कायदा आला तो 2012 मध्ये. लागू झाला 14 नोव्हेंबरला, म्हणजे बालदिनी!

आता मुलाचा जबाब घ्यायला पोलीस त्याच्या घरी येतात. शक्यतो महिला अधिकारी, आणि तीही साध्या कपड्यांत. साक्ष देताना आरोपी मुलाच्या समोर दिसता कामा नये. मुलाचं नाव छापायला बंदी. खटला शक्यतो एका वर्षात संपवायचा. (सगळे संपत नाहीत, हेही खरं.) आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, अशी गोष्ट कळूनही जो मोठा माणूस पोलिसांना कळवत नाही, तोही गुन्हेगार! संस्थेचा प्रमुख गप्प बसला तर त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. शाळेची अब्रू जाईल, ही सबब चालत नाही.

पण कायदा पुस्तकात असून भागत नाही. ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या एका शाळेतल्या दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाला. तक्रार नोंदवायला पालकांना कित्येक तास ताटकळावं लागलं. लोक रुळांवर उतरले, मध्य रेल्वेच्या गाड्या अडल्या. मग उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, आणि न कळवल्याबद्दल शाळेच्या चालकांवरही गुन्हा दाखल झाला.

आता माझी एक गोष्ट सांगते. डी.एड.ला असताना सराव पाठाच्या वर्गात वसतिगृहातला एक मुलगा होता. शाळा सुटली तरी तो बाकावरून उठायचाच नाही. "जायचं नाही का रे?" विचारलं तर म्हणाला, "नको वाटतं." मला गाडी गाठायची होती. मी पुढे विचारलं नाही. तिथे काही वावगं नसेलही. पण मी विचारायला हवं होतं. ते अजून मला टोचतं.

गप्प राहिलेल्या मोठ्यांनी चूक कबूलही करायला हवी. ऑस्ट्रेलियात संस्थांमधल्या अत्याचारांची पाच वर्षं चौकशी झाली, आणि 2018 मध्ये पंतप्रधानांनी संसदेत त्या मुलांची माफी मागितली. तोवर त्यांतली कितीतरी जण म्हातारी झाली होती! त्यांना भरपाई देण्याची योजनाही निघाली. आपल्याकडे देशाने अशी माफी अजून मागितलेली नाही. तुम्ही मोठे व्हाल तेव्हा हे काम हाती घ्याल ना?

तर, चिठ्ठी लिहिणाऱ्या माझ्या बाळा, तुझं उत्तर. एकाला खरं वाटलं नाही, तर दुसऱ्याला सांग. दुसऱ्याने ऐकलं नाही, तर तिसऱ्याला. आणि 1098 हा नंबर पाठ कर. दहा-नऊ-आठ. ही सेवा 1996 मध्ये आपल्याच मुंबईत सुरू झाली. पैसे पडत नाहीत, रात्रीसुद्धा फोन करता येतो. लक्षात ठेव, सांगणाऱ्याची चूक कधीच नसते.

आणि बाकीच्यांनी आज एवढंच करायचं. वहीच्या शेवटच्या पानावर तीन मोठ्या माणसांची नावं लिहायची, ज्यांना आपण काहीही सांगू शकतो. तिसरं नाव सुचत नसेल, तर बाईंच्या टेबलापाशी या. आता मला गाडीची घाई नसते.

तुमची,
बाई