पाण्याची बॅटरी आणि आपला डोंगर

सह्याद्रीत ठिकठिकाणी उदंचन प्रकल्प येऊ घातलेत. उदंचन म्हणजे पाण्याची बॅटरी. खाली एक तलाव, डोंगरावर दुसरा. वीज स्वस्त असते तेव्हा पाणी वर चढवायचं, मागणी वाढली की खाली सोडून वीज करायची. घाटघरला असा प्रकल्प २००८ पासून आहे.

साहेब लोक सांगतात, ही हरित वीज, हिला धूर नाही. खरं आहे. पण वरचा तलाव जंगलात खोदायचा असेल तर? धूर नाही म्हणून २००६ चा वनहक्क कायदा काही रद्द होत नाही. कलम ४(५) स्पष्ट आहे: दाव्यांची पडताळणी आणि मान्यता पूर्ण होईपर्यंत आपल्याला ताब्यातल्या वनजमिनीवरून काढता येत नाही.

वनसंवर्धनाच्या २०२२ च्या नियमांनी मात्र पळवाट केली. आधी केंद्राची मंजुरी. वनहक्क कायदा पाळला की नाही हे राज्याने नंतर, शेवटच्या आदेशाआधी बघायचं. मंजुरी खिशात घालून आपल्याकडे येणार, याला विचारणं म्हणत नाहीत.

म्हणून आमचं म्हणणं एवढंच. सर्व्हेची गाडी येण्याची वाट बघू नका, सामूहिक दावा आताच टाका. सरपंचाची सही म्हणजे ग्रामसभेची संमती नव्हे. वनहक्काच्या ग्रामसभेला निम्मे सभासद लागतात, हजर लोकांत एक तृतीयांश बाया लागतात. तेवढे नसतील तर ठराव नाही. कोऱ्या रजिस्टरवर अंगठा तर नाहीच नाही.

विजेला आमचा विरोध नाही. न विचारता डोंगर घ्यायला आहे.