'प्रशासकच बरा होता' म्हणणाऱ्यांनो, जरा थांबा

"यांच्यापेक्षा प्रशासकच बरा होता."

महापालिकेची निवडणूक झाल्यापासून हे वाक्य मी कॅनॉटच्या कट्ट्यावर ऐकलं, औरंगपुऱ्यात चहा पिताना ऐकलं, व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर तर रोज वाचतो. बोलणारे बहुतेक विशी-पंचविशीतले. रिक्षावाले काका किंवा निवृत्त मास्तर असं म्हणाले, तर समजू शकतो. त्यांनी नगरसेवकांचे सगळे अवतार पाहिलेत. पण तुमच्या-माझ्या वयाच्या पोरांनी हे म्हणावं, याचा मला राग येतो.

का ते सांगतो. आपल्या महापालिकेची आधीची निवडणूक एप्रिल २०१५ मध्ये झाली. त्या सभागृहाची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली. पुढचं मतदान झालं १५ जानेवारी २०२६ ला. म्हणजे ज्याचं वय आज अठ्ठावीसच्या आत आहे, त्याने यंदाच्या आधी नगरसेवकासाठी कधीच मत दिलेलं नव्हतं. लोकसभेला दिलं असेल, विधानसभेला दिलं असेल. पण गल्लीतली मोरी, कोपऱ्यावरचा कचरा, नळाचं पाणी, यांच्यासाठी नाही. जी गोष्ट आपण कधी वापरलीच नाही, ती वाईट आहे हे आपण कशावरून ठरवलं?

राज्यघटना याबाबत गोलमोल बोलत नाही. कलम २४३-यू म्हणतं की पालिकेची मुदत पाच वर्षं, आणि ती संपण्याआधी पुढची निवडणूक झाली पाहिजे. आपल्याकडे आधी कोरोना आला, मग प्रभागरचनेची भांडणं, मग ओबीसी आरक्षणाचा खटला. शेवटी मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घ्या म्हणून सांगितलं, तेव्हा सरकार हललं. पावणेसहा वर्षं. एका पूर्ण सभागृहाच्या मुदतीपेक्षा जास्त काळ या शहरात लोकांनी निवडलेला एकही नगरसेवक नव्हता. आणि आपल्याला त्याचं काही वाटलं नाही, ही या गोष्टीतली खरी दुखरी जागा आहे.

आता प्रशासकाच्या बाजूचं जे आहे ते मान्य करू. आस्तिककुमार पांडेय यांच्या काळात खाम नदीचं काम सुरू झालं. पालिका, छावणी परिषद, वरोक आणि इकोसत्त्व यांनी मिळून तिचा काठ साफ केला. ज्या नदीला अख्खं शहर नाला म्हणत होतं, तिच्या कडेने लोक फिरायला जाऊ लागले. जी. श्रीकांत यांच्या काळात वर्षानुवर्षं कागदावर असलेलं रस्त्यांचं रुंदीकरण प्रत्यक्षात आलं. या गोष्टी झाल्या, आणि त्यातल्या काही चांगल्या झाल्या. मी अधिकाऱ्यांवर लिहीत नाहीये. माझं भांडण व्यवस्थेशी आहे.

ती व्यवस्था कशी चालते, तेवढं एकदा नीट बघा. आयुक्त प्रस्ताव तयार करतो. तो स्थायी समितीपुढे जातो, मोठा असेल तर सर्वसाधारण सभेपुढे जातो. तिथे कुणी विचारतं: एवढे पैसे का? याच वॉर्डात का? याच ठेकेदाराला का? मग मंजुरी मिळते, किंवा मिळत नाही. प्रशासक आला की आयुक्त, स्थायी समिती आणि सर्वसाधारण सभा हे तिघे एकाच खुर्चीत बसतात. सूचक तोच, अनुमोदक तोच. आपल्या सोसायटीच्या वार्षिक सभेत चेअरमनने असं केलं तर आपण दहा मिनिटं बसू देणार नाही. बारा-पंधरा लाखांच्या शहरात आपण ते पावणेसहा वर्षं चालवून घेतलं, आणि वर म्हणतो, कामं पटापट झाली. होणारच. विचारणारा कोणी नसला की सगळंच पटापट होतं, चुकीचंही.

पण या वादाचा निकाल नदीकाठावर किंवा रस्त्यावर लागत नाही. तो नळावर लागतो.

जायकवाडी आपल्यापासून पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर. धरणाची एकूण क्षमता सुमारे १०२ टीएमसी. २०२४ आणि २०२५ या दोन्ही पावसाळ्यांत धरण इतकं भरलं की दरवाजे उघडावे लागले. तरी शहरातल्या घरांचं आठवड्याचं गणित 'आज पाण्याचा दिवस आहे का' यावर बसतं. पाण्याचा दिवस असला की बाई कामावर उशिरा जाते, पोरगं क्लास बुडवतं, गच्चीवरची टाकी, ड्रम, कळशी, बादली, जे असेल ते भरून ठेवतात. जुन्या जलवाहिन्या दोन, ७०० मिलिमीटरची आणि १४०० मिलिमीटरची. शहर वाढलं, त्या म्हाताऱ्या झाल्या. एक फुटली किंवा फारोळ्याला वीज गेली की दिवस पुढे सरकतो. आपल्या भाषेत 'गॅप वाढला'.

यावर उपाय म्हणून 'समांतर' आली. सप्टेंबर २०१४ मध्ये शहराचा पाणीपुरवठा खासगी कंपनीकडे गेला आणि २०१६ मध्ये पालिकेने तो करार रद्द केला. मग १६८० कोटींची नवी योजना. १२ डिसेंबर २०२० ला तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांच्या हस्ते भूमिपूजन झालं. मे २०२२ मध्ये तेव्हाचे विरोधी पक्षनेते देवेंद्र फडणवीस यांनी याच शहरात पाण्यासाठी जलआक्रोश मोर्चा काढला. त्याच सुमारास पाणीपट्टी ४०५० रुपयांवरून २०२५ रुपये झाली. जून संपेपर्यंत सरकार बदललं. योजनेचा खर्च २७४० कोटींवर गेला. मोर्चा काढणारे आणि उत्तर देणारे यांनी जागा बदलल्या, आणि जानेवारी २०२६ च्या प्रचारात प्रत्येक पक्षाच्या जाहीरनाम्यात पुन्हा पाणीच होतं.

पाणीपट्टी निम्मी झाली तेव्हा आपण खूश झालो, हे मला आजही कळत नाही. बिल निम्मं करणं म्हणजे 'आम्ही पाणी देऊ शकत नाही' अशी लेखी कबुली. वाचलेले पैसे टँकरला आणि जारला गेले. ज्याच्या घरी बोअर नाही आणि टाकीही लहान आहे, त्याचे सगळ्यात जास्त गेले.

या योजनेत जबाबदार कोण, हे एकदा विचारून बघा. पालिका म्हणते, काम महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाचं. प्राधिकरण ठेकेदाराकडे बोट दाखवतं. पैठण रस्त्याचं काम आणि जलवाहिनी एकमेकांच्या वाटेत आली, तर तो वाद आणखी वेगळ्या खात्याचा. शेवटी कोण विचारत बसलं? मुंबई उच्च न्यायालयाचं औरंगाबाद खंडपीठ. जनहित याचिकेत न्यायमूर्ती विचारत होते की काम कुठवर आलं, पाईप किती टाकले, मजूर का कमी आहेत. खंडपीठाचे आभारच मानायला हवेत. पण हे प्रश्न न्यायमूर्तींनी विचारायचे नसतात. ते सर्वसाधारण सभेत विचारायचे असतात, तेही तुमच्या भागातून निवडून गेलेल्या माणसाने, आणि उत्तर मिळालं नाही तर पुन्हा पुढच्या सभेत. आपल्याकडे नगरसेवक नव्हता म्हणून कोर्टाला नगरसेवक व्हावं लागलं. आणि कोर्टात जायला वकील लागतो, कागद लागतात, सवड लागते. मुकुंदवाडीतल्या भाडेकरूकडे किंवा किराडपुऱ्यातल्या बाईकडे त्यातलं काय आहे?

पाडापाडीचंही तेच. जून २०२५ मध्ये मुकुंदवाडीपासून मोठी मोहीम सुरू झाली आणि पुढे शहरात येणाऱ्या रस्त्यांवर पसरली. रस्ते रुंद व्हायला हवे होते का? हवे होते. जालना रोडवर संध्याकाळी अडकलेला प्रत्येक जण हेच म्हणेल. पण ज्याचं दुकान गेलं त्याचे प्रश्न साधे होते. मोजणी कुणी केली? रेषा इथूनच का? मोबदला मिळणार का, आणि कसा? हे घेऊन तो कुठे गेला? आमदाराच्या ऑफिसात, खासदाराच्या दारात, कुणी कोर्टात. त्याच्या वॉर्डाचा माणूस सभागृहात उभा राहून 'नकाशा टेबलावर ठेवा' म्हणू शकला असता, तर रस्ता थांबला असता असं मी म्हणत नाही. नकाशा तरी सगळ्यांना दिसला असता.

आता तुम्ही म्हणाल, नगरसेवक काय दिवे लावणार होते? बरोबर. 'समांतर'चा घोळ झाला तेव्हा सभागृह होतं. फेब्रुवारी २०१८ मध्ये नारेगावच्या लोकांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या, शहरभर ढीग साचले, ७ मार्चला मिटमिट्यात दगडफेक आणि लाठीमार झाला, तेव्हाही सभागृह होतं. ऑगस्ट २०१८ मध्ये अटलबिहारी वाजपेयींच्या श्रद्धांजलीवरून त्याच सभागृहात मारहाण झाली आणि ती देशाने टीव्हीवर पाहिली. हे सगळं मला माहीत आहे.

पण एक फरक बघा. कचऱ्याच्या त्या दिवसांत लोकांना कुणाच्या दारात कचरा नेऊन टाकायचा, हे माहीत होतं. नगरसेवकाचं घर माहीत होतं, त्याची गाडी माहीत होती, तो कुणाच्या लग्नात जेवला हेही माहीत होतं. तो निर्लज्ज असेल, पण त्याला याच गल्लीतून घरी जावं लागत होतं. आयुक्ताची बदली होते. २०२० ते २०२५ या काळात आपण तीन आयुक्त पाहिले. त्यातला कुणी पाण्याच्या दिवसाची वाट बघत याच शहरात म्हातारा होणार नाही. यात त्यांचा दोष नाही, नोकरीच तशी आहे. म्हणूनच शहराचा हिशेब त्यांच्या एकट्याच्या हाती देऊन चालत नाही.

काही जण यावर मलिक अंबरला मध्ये आणतात. त्याने सतराव्या शतकात नहरी बांधल्या, त्याला कुठे निवडणूक लागली? खरं आहे. खडकी वसवणारा, डोंगरातलं पाणी मातीच्या नळांतून गावात आणणारा तो माणूस कुणाच्या मतावर आला नव्हता. पण नहर एकदा बांधून भागत नाही. ती वर्षानुवर्षं साफ ठेवावी लागते, कुणी तिच्यावर घर बांधलं तर विचारावं लागतं. शतकानुशतकं चाललेल्या त्या नहरींवर आपल्याच डोळ्यांदेखत बांधकामं झाली. बांधणारा थोर होता. राखणारं कुणी राहिलं नाही. थोर माणसाची वाट बघणाऱ्या शहराचं असंच होतं.

तर आता काय? सभागृह आलंय म्हणून पाणी येणार नाही. उलट यावेळी एक नवी पळवाट आहे. २०१५ मध्ये ११३ वॉर्ड होते आणि एका वॉर्डाला एक नगरसेवक. आता प्रभाग २९ आणि नगरसेवक ११५, म्हणजे जवळपास प्रत्येक प्रभागाला चार. चौघांचं काम कुणाचंच नसतं, हे घरात भावंडं असलेल्या कुणालाही सांगायला नको. तुमच्या प्रभागातले चौघे 'ते त्यांच्याकडे आहे' म्हणतील. तेव्हा तीन गोष्टी चौघांनाही एकत्र विचारा.

पहिली, पाण्याचं वेळापत्रक. कुठल्या जलकुंभावरून कुठल्या वसाहतीला कुठल्या दिवशी पाणी, आणि ठरलेला दिवस चुकला तर का, हे जाहीर झालं पाहिजे. व्हॉल्व्ह उघडणाऱ्या लाइनमनला जे माहीत असतं ते आपल्याला का नाही?

दुसरी, क्षेत्रसभा. २००९ पासून राज्याच्या कायद्यात ती आहे. खेड्यात ग्रामसभा, तशी शहरात क्षेत्रसभा, मतदारांची. आपल्या शहरात किती जणांनी हा शब्द तरी ऐकलाय? ती मागा. मंदिरात, मशिदीत, विहारात, शाळेत, कुठेही भरवा, पण भरवा.

तिसरी, स्मार्ट सिटीची कंपनी. शहर २०१६ मध्ये या योजनेत आलं आणि बससारखी रोजची सेवा कंपनीच्या हाती गेली. कंपनीचे निर्णय संचालक मंडळ घेतं. त्यांचा हिशेब सभागृहापुढे नियमाने यावा, एवढीच मागणी.

हे मागायला मोर्चा लागत नाही. ज्या मोबाइलवरून 'प्रशासकच बरा होता' पाठवता, त्याच मोबाइलवरून चार नंबर काढा आणि चौघांना एकच मेसेज पाठवा. उत्तर आलं नाही तर तेही ग्रुपवर टाका.

आणि एक रिमाइंडर लावून ठेवा, जानेवारी २०३१ चा. या सभागृहाची पाच वर्षं तेव्हा भरत येतील. निवडणूक जाहीर झाली नसेल आणि कुणी पुन्हा प्रशासक बसवायला निघालं असेल, तर त्या वेळी पहिल्याच महिन्यात ओरडा. मागच्या वेळी आपण पावणेसहा वर्षं गप्प होतो.