घारापुरीला जावे की न जावे?

दिवाळीच्या फराळाचे डबे तळाला लागले आणि पाहुण्यांची दुसरी तुकडी दारात येऊन उभी राहिली, की आमच्या डोंबिवलीच्या घरात दरवर्षी एक प्रश्न हमखास निघतो. मंडळी नागपूरची असोत की साताऱ्याची, राणीची बाग झालेली असते, चौपाटी झालेली असते, आणि मग कोणीतरी चकलीचा तुकडा मोडत म्हणते, "मुंबईला आलोच आहोत, तर ती घारापुरी करून टाकावी काय?"

घरात लगेच दोन पक्ष पडतात. आमचे मेहुणे विरोधी पक्षाचे पुढारी. "अख्खा दिवस मोडायचा, उन्हात पायऱ्या चढायच्या, आणि पाहायचे काय, तर हातपाय तुटलेल्या मूर्ती!" दुसऱ्या बाजूला आमची सौभाग्यवती. तिचे म्हणणे एवढेच, की परदेशातून माणसे जी पाहायला येतात ती लेणी आपण एका तासाच्या अंतरावर राहून पाहू नयेत, ही लाजिरवाणी गोष्ट आहे. दोघांचेही बोलणे ऐकताना खरे वाटते. म्हणून म्हटले, यंदाच्या अंकात या प्रश्नाचा एकदा रीतसर जमाखर्चच मांडावा. मी हिशेबी पेशातला माणूस. मला त्याशिवाय दुसरे काही येतही नाही.

आधी खर्चाची बाजू घेऊ. पैशांचे आकडे मी छापत नाही, कारण ते दरवर्षी बदलतात. पण बाबी सांगून ठेवतो. लाँचचे जाण्यायेण्याचे तिकीट, वरच्या मजल्यावर बसायची हौस असेल तर वर थोडे जादा पैसे, बेटावर उतरल्यावर ग्रामपंचायतीचा किरकोळ कर, धक्क्यावरून पायथ्याशी नेणाऱ्या छोट्या आगगाडीचे भाडे, आणि वर पुरातत्त्व खात्याचे प्रवेशशुल्क. पंधरा वर्षांखालील मुलांना ते माफ असते. एवढ्याने मध्यमवर्गीय घराचे दिवाळे निघत नाही.

खरा खर्च आहे तो वेळेचा. डोंबिवलीहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंत सव्वा तास, तेथून गेटवेपर्यंत २० मिनिटे, लाँच भरेपर्यंत अर्धा तास, समुद्रावर एक तास, आणि धक्क्यापासून लेण्याच्या दारापर्यंत आणखी अर्धा तास. बेरीज सुमारे साडेतीन तास भरते. परतीचे तेवढेच धरा, म्हणजे झाले सात. आता सात तास खर्चून माणसे लेण्यात किती वेळ काढतात? मी एकदा मुख्य लेण्याच्या दाराशी बसून घड्याळ लावून पाहिले. कुटुंबे येतात, मोठ्या मूर्तीपुढे उभी राहतात, मोबाईल वर करून फोटो काढतात, "चला, जेवायचे काय?" म्हणतात आणि निघतात. बहुतेकांचा सारा मुक्काम २५ मिनिटांचा. या भावाने सौदा तोट्याचाच आहे, आणि आमच्या मेहुण्यांचे बरोबर आहे.

खर्चाच्या बाजूला आणखी एक नोंद करावी लागते, आणि ती थट्टेची नाही. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीवर नौदलाची एक वेगवान बोट आदळली आणि पंधरा जणांचे प्राण गेले. तेव्हापासून प्रवाशांना जीवरक्षक जाकीट घालायला लावतात. जाकीट जुने असते, त्याला घामाचा वास येतो, फोटोत रेशमी साडी झाकली जाते. हे सारे कबूल. तरी ते घालावे आणि पोरांचे बंद आपल्या हाताने आवळावेत. लाँच गच्च भरली असेल तर सरळ पुढच्या लाँचने जावे.

आता जमेची बाजू पाहू. पहिली जमा लाँच सुटल्याबरोबर होते. अपोलो बंदर मागे पडते, गेटवे आणि ताजची इमारत आगपेटीएवढी होते, नांगरलेल्या मालवाहू जहाजांच्या पोटाखालून आपण जातो, जवाहर द्वीपावरच्या तेलाच्या टाक्या बाजूला राहतात. पोरांचे निम्मे पैसे येथेच वसूल होतात.

दुसरी जमा म्हणजे ते मुख्य लेणे. सहाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास, बहुधा कलचुरी राजांच्या काळात, डोंगराच्या कातळातून ते कोरून काढले. येथला एक शिलालेख पोर्तुगिजांनी काढून नेला आणि तो गहाळ झाला, म्हणून कोरविणाऱ्याचे नाव आज छातीठोकपणे सांगता येत नाही. १९८७ साली युनेस्कोने या लेण्यांना जागतिक वारशाच्या यादीत घातले.

लेणे उत्तरेला, पूर्वेला आणि पश्चिमेला उघडे आहे. तिन्हीकडून येणारा उजेड खांबांमधून गाळत आत जातो, आणि दक्षिणेच्या भिंतीत, सगळ्यांत खोल अंधारात ती मूर्ती आहे. उंची सुमारे १८ फूट. तिला सगळे त्रिमूर्ती म्हणतात आणि ब्रह्मा, विष्णू, महेश असे पोरांना सांगून मोकळे होतात. वास्तविक तिन्ही मुखे शिवाचीच आहेत. तो सदाशिव, म्हणजे महेशमूर्ती. आपल्या डाव्या हाताचे मुख अघोराचे: मिशा, कपाळाला आठी, हाती नाग. उजव्या हाताचे कोमल, बाईमाणसाचे, हातात कमळ. मधले मुख डोळे मिटून शांत. दारातून दिसते ते फक्त एक मोठे डोके. अंधाराला डोळे सरावायला पाच मिनिटे द्यावी लागतात, मग एकेक मुख पुढे येते. जो पाचव्या मिनिटाला जेवणाची चौकशी करतो त्याला ते कसे दिसावे?

बाकीच्या शिल्पांचेही तसेच आहे. आत शिरताना उजव्या हाताला नटराज, डाव्या हाताला योगीश्वर. पुढे रावण कैलास हलवतो आहे, अर्धनारीश्वर आहे, गंगा शिवाच्या जटांवर उतरते आहे, अंधकासुराचा वध आहे. पुष्कळ मूर्तींचे गुडघ्याखाली काही उरलेले नाही, हे मेहुण्यांचे म्हणणे खोटे नव्हे. पण जे उरले आहे ते पाहायला माझ्या अनुभवाने सव्वा तास पुरत नाही.

तिसरी जमा मला आमच्या आईमुळे कळली. आई ७४ वर्षांची. लग्न होऊन मुंबईत आली तेव्हापासून घारापुरीचे नाव ऐकत होती. वडील दरवर्षी म्हणत, "यंदा पाऊस उघडला की जाऊ." पाऊस दरवर्षी उघडे, पण कधी परीक्षा, कधी बाळंतपण, कधी गिरणीचा संप. वडील गेले आणि तो विषयही गेला. गेल्या वर्षी तिच्या गुडघ्यांनी नोटीस दिली. डॉक्टर म्हणाले, "जिने कमी करा." तेव्हा आमच्या घरी प्रश्न उभा राहिला तो असा: १२० पायऱ्या आहेत, आईला न्यावे की न न्यावे? मेहुण्यांनी फोनवरून बजावले, "काही झाले तर बेटावरून आणायचे कसे?" प्रश्न रास्त होता. आठ दिवस घरात यावर खल चालला, शेवटी आईच म्हणाली, "आता नाही तर कधी? पुढच्या वर्षीचे पाय कोणी पाहिलेत?"

आम्ही डिसेंबरातल्या एका मंगळवारी निघालो. पायथ्याशी डोलीवाले असतात. खुर्चीत बसवून खांद्यावरून वर नेतात; भाव आधी ठरवावा म्हणजे वर जाऊन वाद होत नाही. आईने डोलीकडे पाहिले आणि म्हणाली, "चौघांच्या खांद्यावरून जायचेच आहे एक दिवस. आज नको." मग ती चढली. पायऱ्यांच्या दुतर्फा ताडपत्रीखाली दुकाने आहेत, त्यांतल्या प्रत्येक चौथ्या दुकानाशी ती टेकली. दुकानदारणींशी कैरीचा भाव, सुनांचा स्वभाव, पाण्याची टंचाई अशी चर्चा झाली. बेटावर शेतबंदर, मोराबंदर आणि राजबंदर अशा तीन वाड्या आहेत, आणि त्यांना समुद्राखालून तार टाकून कायमची वीज मिळाली ती २०१८ साली, हे मला इतक्या खेपांत कोणी सांगितले नव्हते. आईला पंधरा मिनिटांत कळले. "समोर मुंबईचा एवढा झगमगाट," ती म्हणाली, "आणि या बाया तो अंधारातून बघत बसत होत्या."

वर पोहोचायला ४० मिनिटे लागली. महेशमूर्तीला तिने हात जोडले. पण ती रेंगाळली शिवपार्वतीच्या लग्नाच्या शिल्पापाशी. पार्वती मान किंचित खाली घालून उभी आहे. आई बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "चौदाशे वर्षे झाली, पोरीने अजून मान वर केली नाही." आणि थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, "ह्यांना आवडले असते." त्या दिवशी आम्ही लेण्यात दोन तास होतो. रात्री गुडघे शेकावे लागले आणि दोन दिवस आई घरातल्या घरात लंगडत होती. तिने तक्रार केली नाही, म्हणून आम्हीही विषय काढला नाही.

तात्पर्य, हिशेब असा आहे. लेण्यात दोन तास द्यायची तयारी असेल तर दिवस सार्थकी लागतो; पंचवीस मिनिटांसाठी जायचे असेल तर घरी बसून पत्ते कुटावे. सोमवारी लेणी बंद असतात, रविवारी गर्दी असते, पावसाळ्यात लाँचचा भरवसा नसतो. म्हणून दिवाळीनंतरचा मधला वार धरावा आणि सकाळी नऊच्या सुमाराची पहिली लाँच गाठावी. बेटावर मुक्कामाला परवानगी नाही, तेव्हा परतीच्या शेवटच्या लाँचची वेळ उतरतानाच विचारून घ्यावी. खाऊ पिशवीच्या तळाशी ठेवावा, कारण माकडांना आपल्यापेक्षा घाई असते. जेवण मात्र बेटावरच घ्यावे. त्या तीन वाड्यांची चूल पुष्कळशी आपल्यावर चालते. तान्हे मूल किंवा छातीचे दुखणे घरात असेल तर एवढ्यात जाऊ नये, लेणी कोठे पळत नाहीत. घरात म्हातारे माणूस असेल आणि ते जाऊ म्हणत असेल, तर डॉक्टरांना विचारून लवकरातली लवकर तारीख ठरवावी.

आणि ज्यांना जमणारच नाही, त्यांच्यासाठीही एक तोड आहे. ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगिजांनी बेटाचे नाव एलिफंटा ठेवले, तो आज बेटावर नाहीच. १८६४ साली इंग्रज त्याला विलायतेला न्यायला निघाले, उचलताना क्रेन मोडली आणि हत्तीचे तुकडे झाले. पुढे ते जोडून तो भायखळ्याच्या राणीच्या बागेत, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा केला आहे. पाहुण्यांना तो अवश्य दाखवावा. त्याला पाहायला लाँच लागत नाही, पायऱ्या लागत नाहीत, आणि मेहुण्यांचीही हरकत नाही.